नान्नजची द्राक्षे आणि नान्नजचा माळढोक

सोलापूरहून बार्शीकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर नान्नज लागते. द्राक्ष बागायतदारांना हे गाव ठाऊक आहे ते ‘सोनाका’मुळे. येथील नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन सीडलेसच्या बागेत लांबट मण्यांची एक वेगळी काडी हेरली, ती वाढवली आणि सोलापूरचा ‘सो’, नान्नजचा ‘ना’ व काळे यांचा ‘का’ घेऊन त्या वाणाला नाव दिले. पक्षिअभ्यासकांना हेच गाव ठाऊक आहे ते माळढोकामुळे. नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा या गावांच्या माळावर हा जवळजवळ मीटरभर उंचीचा पक्षी एकेकाळी नेमाने दिसत असे. आज एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. द्राक्षाचा घड आणि माळढोक हे एकाच शिवारातले असले तरी त्यांची हकीकत सहसा वेगवेगळी सांगितली जाते. ती एकत्र सांगितली, तर माणसाचा उपभोग, इतर जीवांचा अधिवास आणि निसर्गाची मर्यादा हे तीन जड शब्द एकमेकांत कसे गुंतलेले आहेत ते अधिक स्पष्ट दिसते.

आधी माळ म्हणजे काय ते पाहू. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही लहरी असतो. बेसाल्ट खडकावर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम, अशी उंचवट्यावरची जमीन पाणी धरून ठेवत नाही. अशा ठिकाणी घनदाट जंगल होत नाही, गवत होते. एप्रिलमध्ये हा माळ पाहणाऱ्याला तो उजाड वाटतो, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण त्या वेळी खरोखरच दगड, वाळलेली कुसळे आणि अधूनमधून एखादे हिवराचे किंवा बाभळीचे झाड याखेरीज काही नजरेत भरत नाही. भाद्रपदात त्याच जागी गुडघे टेकून बसावे. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी असे निदान चार-पाच प्रकारचे गवत हातभर जागेत मिळते, त्यांच्या बुडाशी नाकतोडे आणि भुंगेरे असतात, चंडोलाचे वाटीएवढे घरटे गवताच्या ठोंबाआड असते आणि पाऊल टाकण्याआधी खाली पाहावे लागते. गवताचा निम्म्याहून अधिक संसार जमिनीखाली, मुळांत असतो. म्हणूनच चराईने, वणव्याने किंवा दुष्काळाने वरचे सगळे गेले तरी पहिल्या दोन पावसांत माळ पुन्हा हिरवा होतो.

येथे पूर्वी जंगल होते आणि ते तोडल्यामुळे माळ उरला, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते दख्खनच्या कोरड्या पट्ट्याला बहुतांशी लागू पडत नाही. अलीकडे संशोधकांनी मध्ययुगीन मराठी वाङ्मयातील झाडांचे उल्लेख तपासले, तेव्हा त्यात हिवर, बाभूळ, पळस, तरवड अशी उघड्या गवताळ रानातलीच झाडे ठळकपणे आढळली. म्हणजे हा माळ आजारी पडलेले जंगल नसून शेकडो वर्षांचा स्वतंत्र निसर्ग आहे. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे, म्हणून ती आधी सांगितली.

या निसर्गाचा सर्वांत मोठा पक्षी म्हणजे माळढोक. माळावरचा ढोक, म्हणून माळढोक; आणि नर विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून जो घुमणारा आवाज काढतो त्यावरून हूम. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते आणि एवढ्या वजनाने उडू शकणारे पक्षी जगात मोजकेच आहेत. मादी सहसा वर्षाला एकच अंडे घालते, तेही घरटे न बांधता उघड्या जमिनीवर, आणि जवळजवळ महिनाभर ते उबवते. तेवढा काळ तिला जवळपास कुत्री, वर्दळ आणि यंत्रे नसलेली जागा लागते. नराला दुरून दिसेल अशी मोकळी, उंचवट्याची जागा लागते, कारण तो तेथेच उभा राहून माद्यांना साद घालतो. पण या पक्ष्याला माणूसच नको होता, असे मात्र मुळीच नाही. नाकतोड्यांबरोबर तो ज्वारी, हरभरा, बोरे असे काय काय खातो. सोलापूरकडची जुनी शेती म्हणजे पावसाळ्यात मोकळे रान, रब्बीला शाळू, मध्ये करडईच्या ओळी आणि बांधापलीकडे गायरान व माळ. या शेतीत माळढोकाला जागा होती. माणूस भाकरी खात होता आणि पक्षी त्याच रानात वावरत होता. आपण निसर्गाचा उपभोग घेतो हाच दोष मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. प्रश्न उपभोग कशाचा, किती आणि त्यासाठी जमिनीचे काय करावे लागते, हा आहे.

आता कागदाकडे वळू. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ नावाचा एक रकाना असतो. शेतातला जो भाग पिकाखाली येत नाही, म्हणजे खडकाळ तुकडा, नाला, बरड, तो त्यात लिहिला जातो. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती जमीन खराब, ही इंग्रजांच्या काळातली महसुली नजर. ती नजर शब्दासकट आपल्याकडे राहिली. देशपातळीवर हेच ‘पडीक जमिनींचा नकाशासंग्रह’ या नावाने होते. २०१९ च्या आवृत्तीप्रमाणे देशाच्या भूभागापैकी जवळजवळ १७ टक्के जमीन पडीक आहे आणि तीत गवताळ व झुडपी रानांचा मोठा वाटा आहे. एखादी जागा एकदा पडीक म्हणून लिहिली गेली की ती कशालाही देता येते: औद्योगिक वसाहत, सौर प्रकल्प, झाडे लावण्याची मोहीम, रस्त्याचा भराव. जंगल तोडायचे म्हटले तर परवानग्या लागतात, मोर्चे निघतात, न्यायालयात जावे लागते. माळ मोडायला बहुतेक वेळा एक यंत्र आणि डिझेल पुरते, आणि मोडला हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे मोडणे जवळून पाहिलेल्या माणसाला त्यात कोणाचा द्वेष दिसत नाही. शेतकरी जेसीबी लावून मुरमाड तुकडा सपाट करतो. मग तलावातला गाळ ट्रॅक्टरने आणून त्यावर फूटभर पसरतो. दूरच्या विहिरीवरून किंवा नदीवरून पाइपलाइन येते, बाजूला प्लास्टिक अंथरलेले शेततळे होते, आणि दोन वर्षांपूर्वी जेथे नाकतोडे उडत होते तेथे द्राक्षाचे मांडव किंवा उसाच्या सऱ्या उभ्या राहतात. जिरायती ज्वारीच्या एका एकरात हाती काय पडते, हे ज्याने ती केली आहे त्याला विचारावे. उसाला केंद्र सरकारने ठरवलेला किमान दर आहे आणि तो देण्याचे बंधन कारखान्यावर आहे; ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने खरेदी करणारा दारात उभा असेलच असे नाही. अशा स्थितीत माळ मोडणाऱ्या शेतकऱ्याला पर्यावरणाचा शत्रू म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तो बाजाराने दिलेल्या खुणेप्रमाणे चालतो, आणि ती खूण आपण, म्हणजे साखर, द्राक्षे आणि इंधन विकत घेणारे लोक, रोज देत असतो.

ती खूण किती मोठी आहे ते ढोबळ गणिताने पाहता येते. भारतात एक माणूस वर्षाला सुमारे २० किलो साखर खातो. घरातली, मिठाईतली, शीतपेयांतली, बिस्किटांतली अशी सगळी मिळून. एका एकरात ४० टन ऊस आणि १० टक्के साखर उतारा धरला तर ४ टन साखर होते. म्हणजे एका एकरात २०० माणसांची वर्षाची साखर. हे प्रमाण वरवर काटकसरीचे वाटते. पण उसाला साधारण २,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी लागते आणि सोलापूरला आकाशातून मिळते त्याच्या पाव हिश्शाएवढे. उरलेले पाणी भीमेवरचे उजनी धरण, कालवे आणि बोअर यांतून आणावे लागते. महाराष्ट्रात उसाखाली एकूण पीकक्षेत्राच्या सुमारे ४ टक्केच जमीन आहे आणि सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी हे एक पीक घेते, असे कृषिखर्च व मूल्य आयोगाने नमूद केले होते. उसाच्या साखरेच्या एका किलोमागे जगात सरासरी सुमारे १,८०० लिटर पाणी लागते. चहाच्या कपातल्या एका चमच्याला, म्हणजे पाच ग्रॅमला, ९ लिटर. म्हणून उसाने व्यापलेली जमीन मोजून भागत नाही. त्याच्या पाण्यासाठी बदललेली नदी, खोल गेलेले भूजल आणि त्या पाण्याच्या आशेने मोडलेला शेजारचा माळ हेही हिशेबात धरावे लागते.

जगभर चित्र याच रेषेत आहे. आयपीबीईएस या जैवविविधतेवरील आंतरराष्ट्रीय मंचाच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे पृथ्वीवरच्या भूभागापैकी तीन चतुर्थांश भागात माणसाने लक्षणीय बदल केला आहे आणि सुमारे १० लाख प्रजातींवर नामशेष होण्याचे संकट आहे. जमिनीवरच्या जीवांना सर्वांत मोठा फटका कशाने बसतो, याचे त्यांचे उत्तर जमिनीच्या वापरातला बदल हे आहे; हवामानबदल त्याच्या मागे येतो. दुसरा एक आकडा माझ्या मनातून जात नाही. जगातल्या सर्व सस्तन प्राण्यांचे एकत्र वजन केले, तर २०१८ च्या एका अभ्यासानुसार त्यात सुमारे ६० टक्के पाळीव जनावरे, ३६ टक्के माणसे आणि उरलेले सगळे रानटी प्राणी मिळून जेमतेम ४ टक्के भरतात. हत्ती, देवमासे, हरणे, लांडगे, उंदीर, वटवाघळे, सगळे त्या चार टक्क्यांत.

अधिवास कमी झाला की जीव कमी होतात हे कोणीही सांगेल, पण ते कोणत्या प्रमाणात कमी होतात हे फारसे सांगितले जात नाही आणि फसगत तेथेच होते. एखाद्या प्रदेशातला अधिवास निम्मा झाला तर निम्म्या प्रजाती जात नाहीत. साधारण १५ टक्के जातात. ९० टक्के अधिवास गेला तरी निम्म्याहून थोड्या जास्त प्रजाती तग धरतात. क्षेत्र आणि प्रजातींची संख्या यांतला हा संबंध अनेक बेटांवर आणि रानांवर पडताळून पाहिलेला आहे. त्याचा एक अर्थ असा, की सुरुवातीची मोडतोड स्वस्त वाटते. निम्मा माळ गेला तरी बहुतेक पक्षी दिसतच असतात, म्हणून धोक्याची सूचना देणाऱ्यांवर लोकांचा विश्वास बसत नाही. शेवटच्या तुकड्यांशी आल्यावर मात्र प्रत्येक हेक्टरामागे जाणाऱ्या जीवांची संख्या झपाट्याने वाढते. शिवाय जे तग धरून दिसतात त्यांतले काही केवळ दिवस ढकलत असतात. दीर्घायुषी पक्षी अधिवास संपल्यानंतरही दहा-पंधरा वर्षे त्या परिसरात दिसत राहतो, पण त्याची अंडी टिकत नाहीत, पिले वाढत नाहीत. शास्त्रज्ञ याला नामशेषत्वाचे कर्ज म्हणतात: घेतले गेले आहे, वसुली व्हायची आहे.

माळढोकाचे कर्ज असेच वसूल झाले. १९६९ मध्ये देशात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. आज ही संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मानली जाते आणि त्यांतले बहुसंख्य राजस्थानच्या जैसलमेर परिसरात आहेत. महाराष्ट्राने प्रयत्न केले नाहीत असे नाही. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली नान्नजजवळचे काही माळ चराईपासून राखले गेले, गवत उठले आणि माळढोक तेथे स्थिरावले. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी येथे मुक्काम करून या पक्ष्याचा अभ्यास केला. पण अभयारण्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर आखली गेली, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले तालुके, गावे, बाजारपेठा आणि लाखो लोकांच्या खासगी जमिनी पोटात घेऊन. साधी विहीर खणायची, जमीन विकायची, रस्ता रुंद करायचा तरी अभयारण्याचे नाव आडवे येऊ लागले. ज्या पक्ष्याकडे लोकांचे पिढ्यान्‌पिढ्या लक्षही नव्हते तो आता त्यांच्या सातबाऱ्यावर येऊन बसला. मध्य प्रदेशात करेरा येथे हेच झाले होते. तेथे लोकांचा रोष वाढला आणि नव्वदच्या दशकात माळढोक संपले. सोलापूरच्या अभयारण्याचे क्षेत्र पुढे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. कागदावरचा फुगवटा गेला हे योग्यच झाले, पण तोपर्यंत राखलेल्या तुकड्यांच्या मधला माळ आणि ज्वारीचे रान बरेचसे बदलून गेले होते. खुद्द राखलेल्या माळावरही हिरवळ वाढवण्याच्या हेतूने सुबाभूळ, गिरिपुष्प यांसारखी झाडे लावली गेली. झाडे वाढली, पण ज्या पक्ष्याला चहूकडे दूरवर नजर पोहोचेल अशी उघडी जागा लागते त्याला ती जागा परकी झाली.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: तंत्रज्ञान सुधारा, कमी जमिनीत आणि कमी पाण्यात जास्त पिकवा, म्हणजे उरलेला माळ वाचेल. या उत्तरात तथ्य आहे, आणि तरीही ते अपुरे आहे. ठिबक सिंचनाने एकरी पाणी वाचते, यात शंका नाही. पण वाचलेले पाणी नदीत परत सोडले जाते का? बहुतेक ठिकाणी ते शेजारच्या एकराला दिले जाते, म्हणजे पूर्वी जो मुरमाड तुकडा पाण्याअभावी माळ राहिला होता तो आता बागायत होतो. विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हीच गोष्ट दाखवली होती. वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागल्यावर कोळशाचा खप घटला नाही, वाढला. कारण इंजिन चालवणे स्वस्त झाले आणि ते सगळीकडे वापरले जाऊ लागले. वाचलेल्या गोष्टीवर मर्यादा घातली नाही, तर बचत पुढच्या विस्ताराचे भांडवल बनते. १९७० मध्ये जग वर्षाला सुमारे ३० अब्ज टन वाळू, दगड, धातू, इंधने आणि पीकपाणी उचलत होते. आज ते प्रमाण १०० अब्ज टनांच्या पुढे आहे, आणि याच पन्नास वर्षांत आपली यंत्रे पूर्वी कधी नव्हती इतकी काटकसरी झाली आहेत.

आता या प्रश्नाचा मला सर्वांत कठीण वाटणारा भाग येतो. माळढोकाला जैसलमेर आणि कच्छमध्ये आज मोठा धोका आहे तो विजेच्या तारांचा. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे त्याला समोरचे नीट दिसत नाही; तार दिसते तेव्हा जड शरीर वळवायला वेळ उरत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजाप्रमाणे थर वाळवंटाच्या परिसरात दरवर्षी सुमारे १८ माळढोक तारांना धडकून मरतात. दीडशे पक्ष्यांमधून, आणि वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्यामधून. कच्छच्या अबडासा भागात तर अलीकडच्या वर्षांत केवळ काही माद्या उरल्या, नर उरला नाही. यांतल्या अनेक तारा पवनचक्क्यांची आणि सौर प्रकल्पांची वीज वाहून नेतात. कोळसा कमी जाळावा म्हणून उभारलेली ती वीज आहे आणि कोळसा कमी जाळणे अत्यंत आवश्यक आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या एम. के. रणजितसिंह यांनी हा विषय सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात तारा शक्य तेथे भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये एवढ्या क्षेत्राचा सरसकट आदेश व्यवहार्य नाही असे म्हणून तो मागे घेतला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हा नागरिकांचा हक्क आहे, असेही न्यायालयाने मान्य केले. दोन्ही बाजूंना निसर्गच होता.

यातून सौर ऊर्जाच वाईट असा अर्थ काढणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारणही जमिनीच्या गणितातच आहे. एक मेगावॅट सौर प्रकल्पाला चार ते पाच एकर जागा लागते आणि त्यातून वर्षाला साधारण १५ लाख युनिट वीज मिळते. म्हणजे एकरी तीन लाख युनिट. वर्षाला नऊ-दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या विजेच्या गाडीला दीड हजार युनिट पुरतात. एका एकरावर दोनशे गाड्या चालतात. त्याच एकरात ऊस लावून थेट रसापासून इथेनॉल केले, तर टनामागे सुमारे ७० लिटरप्रमाणे २,८०० लिटर मिळते आणि वर्षाला ६०० लिटर इंधन लागणाऱ्या जेमतेम चार-पाच गाड्या त्यावर चालतात. पाण्याचा खर्च वेगळाच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने गाठले. त्यात मका आणि तांदळाचाही वाटा आहे, पण जमीन सगळ्यांनाच लागते. या दोन्ही गोष्टींना आपण ‘हरित’ हा एकच शब्द वापरतो आणि त्यांच्यातला चाळीस-पन्नास पटींचा फरक त्या शब्दाखाली झाकला जातो. कमी जागा व्यापणारी सौर वीजसुद्धा छपरांवर, कालव्यांवर, खाणींनी खराब झालेल्या जमिनींवर उभी राहिली तर तिची गाठ माळढोकाशी पडत नाही. पडीक म्हणून लिहिलेल्या गवताळ रानात, शेकडो किलोमीटरच्या तारांसह उभी राहिली तर पडते.

कार्बन मोजायला आपण शिकलो, पण जागा मोजायला शिकलो नाही. पृथ्वीला पेलणार नाही असा उपभोग किती, हे सांगणारे एक लोकप्रिय मोजमाप आहे; त्यानुसार मानवजात आज पावणेदोन पृथ्व्यांहून अधिक वापरते. हे मोजमाप डोळे उघडणारे आहे, पण त्यात मोठा भाग कार्बनचा आहे आणि नान्नजच्या माळाचा त्यात मागमूस लागत नाही. उद्या सगळी वीज सूर्याची झाली, सगळ्या गाड्या विजेवर आल्या आणि तो आकडा पृथ्वीच्या मर्यादेत आला, तरी त्या वाटेत दख्खनचा शेवटचा गवताळ तुकडा संपलेला असू शकतो. जागा वाढवता येत नाही. कोळशाला पर्याय सापडतो, तसा मोकळ्या माळाला पर्याय सापडत नाही. दुसरी अशीच मर्यादा वेळेची आहे. जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा येथे २०१९ पासून माळढोकाची अंडी उबवून पिले वाढवली जातात, २०२४ मध्ये तेथे कृत्रिम रेतनातून पिलूही जन्मले. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण ती पिले मोठी होऊन सोडण्याजोगी होतील तेव्हा सोडायची कोठे, हे त्या केंद्रात ठरत नाही. ते सातबाऱ्याच्या रकान्यात, विजेच्या वाहिनीच्या आराखड्यात आणि उसाच्या व ज्वारीच्या भावात ठरते.

म्हणून करायच्या गोष्टीही तेथल्याच आहेत. गवताळ रान ही पडीक जमीन नाही, अशी वेगळी नोंद महसुली आणि वनखात्याच्या कागदांवर झाली पाहिजे. गायराने अतिक्रमणातून सोडवून त्यांवर आळीपाळीने चराई ठेवता येते; धनगरांचे कळप हे या निसर्गाचे जुने घटक आहेत आणि त्यांना हद्दपार करून गवत सुधारत नाही. राखलेल्या माळावरची लावलेली झाडे काढणे लोकांना विचित्र वाटेल, पण ते गरजेचे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे म्हणून साजरे झाले. त्या ज्वारीची हमीभावाने खरोखर खरेदी झाली, शाळेच्या आहारात आणि रेशनवर ती आली, तर जिरायती रान जिरायती राहण्याला काही आर्थिक अर्थ येईल. पुण्या-मुंबईच्या ताटातली भाकरी आणि नान्नजचा माळ यांचा संबंध असा सरळ आहे. खाणाऱ्याने काय खावे हे सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, पण आपल्या ताटाचे, टाकीचे आणि बटणाचे दुसरे टोक कोठे आहे हे त्याला ठाऊक असावे, एवढी अपेक्षा मी ठेवतो.

नान्नजच्या राखलेल्या माळावर आजही पाऊस संपता संपता गवत कमरेला लागते. काळविटांचे कळप तेथे आहेत, त्यांच्या मागावर लांडगे आहेत. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी संध्याकाळी गवतात उतरून जमिनीवरच रात्र काढतात, धाविक उघड्या मुरमावरून धावत जातात. कुंपणापलीकडे द्राक्षाच्या बागांत त्याच सुमारास फवारणी चालू असते आणि फेब्रुवारीत घड काढणीला येतात. माळढोकाने साद घालण्यासाठी जो उंचवटा निवडावा तसे उंचवटे या माळावर अजून आहेत.